पाटीवर दोघं, कागदावर एक

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. माझी भाची आणि जावई वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आले. लग्नाला तीन वर्षं झालेली. ती तालुक्याच्या गावातल्या एका खासगी शाळेत शिकवते, ते एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोघांनी एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. उन्हातान्हात मोटरसायकलवर हिंडून पत्रिका वाटत होते, पण चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही. स्वतःचं घर! त्याचा आनंद वेगळाच असतो.

पन्हं पिता पिता भाचीने मोबाइलमधले फोटो दाखवले. ओटा असा, देवघर तसं. दारावरची पितळी पाटी तर मला फारच आवडली. वर तिचं नाव, खाली त्यांचं आणि मग आडनाव. "ह्याचीच आयडिया, मावशी. तुझं नाव आधी हवं म्हणाला." जावई नुसते हसले. मला खरंच कौतुक वाटलं. आमच्या लग्नाच्या वेळी पाटीवर बायकोचं नाव म्हणजे नवलाई होती.

मी गावातल्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते, त्यामुळे काही प्रश्न सवयीनेच तोंडातून निघतात. मी विचारलं, "आणि करारनाम्यावर? तिथेही दोघांची नावं आहेत ना?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. भाची म्हणाली, "मीपण सह्या केल्यात की बँकेत. चांगल्या वीस-पंचवीस ठिकाणी!" फाईल पिशवीतच होती. मी चष्मा लावून कागद पाहिले. कर्जाच्या कागदांवर भाची सहकर्जदार. खरेदीच्या करारनाम्यावर मात्र एकच नाव, जावयांचं.

म्हणजे कर्ज दोघांचं, घर एकाचं.

मैत्रिणींनो, आधीच सांगते, आमचे जावई वाईट नाहीत. सकाळचा चहा तेच करतात. तिची पेपर तपासणी असली की भांडी घासतात आणि त्याची गावभर जाहिरातही करत नाहीत. त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, "मावशी, बिल्डरच्या ऑफिसात माझं पॅनकार्ड, माझी पगाराची स्लिप दिली. त्यांनी माझं नाव टाईप केलं. दुसरं नाव घालायचं का, असं कुणी विचारलंच नाही. मलाही सुचलं नाही." मला हे शंभर टक्के खरं वाटतं. आपल्याकडे बाईचं नाव मुद्दाम गाळलं जातं, असं दर वेळी नसतं. पुष्कळदा ते कुणाला सुचतच नाही, आणि सुचलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही.

मग मी भाचीला तिची हिशोबाची वही काढायला लावली. ती वही ठेवते, हा तिच्या आईचा गुण. तिचा पगार १४ हजार, त्यातले १२ हजार घरात जातात. किराणा, दूध, भाजी, गॅस, विजेचं बिल, सासूबाईंची रक्तदाबाची औषधं. जावयांचा पगार ३२ हजार. त्यातले १५ हजार घराच्या हप्त्याला. उरलेल्यात पेट्रोल, विमा, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे. लग्नानंतर दोघांनी बसूनच हे ठरवलं होतं. तुझा मोठा पगार, तू हप्ता भर. माझा छोटा, मी घर चालवते. वरवर पाहिलं तर किती सोयीचं, किती समजूतदारपणाचं!

पण पाच वर्षांनी काय होईल? जावयांचे ९ लाख रुपये हप्त्यात गेलेले असतील. बँकेच्या पासबुकात एकेका महिन्याची नोंद असेल आणि समोर घर उभं असेल. भाचीचे ७ लाख २० हजार गेलेले असतील. त्याची नोंद कुठे? किराणा दुकानदाराच्या वहीत, तीही पुढच्या दिवाळीला रद्दीत. त्यांचा पैसा भिंतीत गेला, तिचा पोटात. आणि तिने किराणा भरला नसता तर त्यांना १५ हजारांचा हप्ता झेपला असता का? ३२ हजारांतून हप्ताही भरायचा आणि घरखर्चही, म्हटल्यावर हातात उरतात पाच हजार. त्यात महिना कसा निघणार? म्हणजे हप्त्यात तिचाही पैसा आहेच, फक्त तो दिसत नाही.

वर आणखी एक गोष्ट. फ्लॅटची किंमत २२ लाख. कर्ज मिळालं १७ लाख. वरचे पाच लाख कुठून आले? तीन लाख सासऱ्यांनी दिले. बाकीच्यात जावयांची शिल्लक आणि माझ्या बहिणीने लेकीला घातलेल्या पाटल्या आणि हार. ते स्त्रीधन. कायद्याने ते फक्त तिचं. तिने आनंदाने मोडलं, पण त्याची चिठ्ठीसुद्धा कुठे नाही.

"मावशी, आमच्यात तुझं-माझं नाही गं," भाची म्हणाली. हे वाक्य मी केंद्रात किती वेळा ऐकलं असेल! सुखात असताना प्रत्येकजण हेच म्हणतं, आणि ते खरंही असतं. पण कागद सुखाच्या दिवसांसाठी करायचाच नसतो. छत्री आपण ऊन पडलेलं असताना घेऊन ठेवतो, पावसात दुकान शोधत फिरत नाही.

आमच्या केंद्रात आलेली एक बाई मला विसरता येत नाही. वय चौतिशीचं, दोन मुलं. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत नवरा गेला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलं आणि नवऱ्याची आई, असे चार समान हिस्से झाले. सासूबाईंचाही हक्क आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सासूबाईंच्या हिश्श्याच्या निमित्ताने दीर मध्ये आले आणि घर विकायचा तगादा सुरू झाला. इकडे कर्जावर सहकर्जदार म्हणून हिची सही. बँकेने हप्त्यासाठी हिलाच गाठलं. हप्ता हिचा, घर चौघांचं! जर आधीच करारनाम्यावर दोघांची नावं समान असती, तर निम्मं घर तिचंच राहिलं असतं आणि फक्त नवऱ्याच्या निम्म्याची वाटणी झाली असती. एका नावाचा फरक केवढा, बघा.

हे ऐकल्यावर जावई गंभीर झाले, पण त्यांनीही एक प्रश्न टाकलाच. "मावशी, रागावू नका. माझ्या मित्राची बायको म्हणते, माझा पगार माझा आणि तुझा पगार आपल्या दोघांचा. ती घरात एक रुपया देत नाही. मग तिचंही नाव घालायचं का?"

प्रश्न योग्य आहे. अशा मुलीही आहेत, मी नाकारत नाही. कमवायचं स्वातंत्र्य हवं तर जबाबदारीही घ्यायला हवी. स्वतःच्या पगाराची साडीच काय ती दिसावी, हे मलाही पटत नाही. पण मी त्यांना उलट विचारलं, "मित्राची बायको घरात स्वयंपाक करते? पोरांचं बघते? आल्यागेल्याचं करते?" तर हो. मग त्याची किंमत कोण धरणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आढळलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी आणि बिनरजेचे. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की, पत्नी घर सांभाळते म्हणूनच पती बाहेर कमावू शकतो, त्यामुळे त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गृहिणींच्या आर्थिक सुरक्षिततेसाठी पतीने संयुक्त खातं, एटीएम कार्ड अशी सोय करावी, असं सुचवलं. म्हणजे न कमावणाऱ्या बाईचाही हिशोब आता कोर्ट मांडू लागलं आहे. आपणच कधी मांडणार?

शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. आपल्याकडे तसं नाही. पण आपला महाराष्ट्रही अगदीच कोरा नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची चळवळ केली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला होता. तिच्या कष्टांचं देणं म्हणून. धोतर-टोपीतल्या त्या माणसांना जे सुचलं, ते जीन्स घालणाऱ्या पोरांना सुचू नये का?

आता माझी स्वतःची कबुली. आमचं घर झालं २००७ साली. तेव्हा मीही काही विचारलं नाही. केंद्रात बायकांना हक्क सांगायची आणि घरी तोंड उघडायला लाजायची. ह्यांना वाटेल, हिचा आपल्यावर विश्वास नाही. तब्बल अकरा वर्षं गेली. शेवटी एका रविवारी भाजी निवडता निवडता मनाचा हिय्या करून विषय काढला. हे म्हणाले, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" २०१८ मध्ये बक्षीसपत्र करून माझं नाव लागलं. अकरा वर्षं मी ज्या भांडणाला भीत होते, ते झालंच नाही. सगळ्यांचंच इतकं सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. काही घरांत विषय काढताच आदळआपट होते. पण मग निदान आपण कुठे उभ्या आहोत, हे तरी कळतं.

तर नव्याने संसार मांडणाऱ्या लेकीसुनांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सही करण्याआधी विचारा, मी कर्जदार आहे की मालक? दोन्ही वेगळं. कर्जाच्या कागदावर सही केल्याने घर आपलं होत नाही. सोसायटीत वारसदार म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून नाव लावलं तरी मालकी मिळत नाही. दुसरं, खर्चाची वाटणी अशी करा की हप्त्यातला काही भाग तुमच्या खात्यातून जाईल आणि किराण्याचा काही भाग त्याच्या. तिसरं, महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २२ लाखांच्या घराला २२ हजार वाचतात. पतीसोबत संयुक्त नाव असेल तर मात्र ही सवलत नाही. आणि चौथं, घर आधीच झालं असेल तरी वेळ गेलेली नाही. राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार, नोंदणी, वकील हा खर्च वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी लागते.

वास्तुशांतीला मी गेले होते. गुरुजी प्रत्येक विधीला सांगत होते, "वहिनी, हाताला हात लावा." जावई पळीने पाणी सोडत होते आणि भाची त्यांच्या हाताला आपली बोटं टेकवून बसली होती. म्हणजे पुण्यात तिचा वाटा आला. बायकोवाचून पूजा पुरी होत नाही, हे आपल्या शास्त्राला कळतं. खरेदीखत मात्र तिच्यावाचून पुरं होतं.

जेवणं झाल्यावर भाचीच्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना यातलं काही कळलं असेल की काय, म्हणून मी जरा धास्तावलेच होते. त्या म्हणाल्या, "पोरगा सांगत होता मला. घाला म्हणावं तिचं नाव. आधी माझ्या सासऱ्यांचं घर होतं, मग ह्यांचं झालं. मी चाळीस वर्षं झाडतीय, पण माझं कधी झालं नाही." मी काहीच बोलले नाही. नुसता त्यांचा हात धरला.

जावयांनी बँकेत अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे. तोवर हप्त्यातले पाच हजार भाचीच्या खात्यातून जातात आणि दूध, गॅस आणि औषधं जावयांकडे आली आहेत. परवा फोनवर भाची सांगत होती, "मावशी, औषधं किती महाग झालीत, हे त्याला आत्ता कळलं!"

पाटी तर लागलीच आहे. कागदाचं झालं की मी पेढे घेऊन जाणार आहे. आणि तुमच्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे? आज दुपारी जरा कपाट उघडून बघाच.