पानाच्या घडीतले अंडे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही जर्मनीत लाइपझिग येथे पुतण्याकडे गेलो होतो. इंदूर सोडताना पारा ४२ अंशांवर होता. तेथे उतरताच स्वेटर चढवावा लागला. पुतण्याच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी आमचा हात धरून आम्हांला थेट एका काचेच्या टाकीपुढे उभे केले. "आजोबा, हे माझे न्यूट."

न्यूट हा बेडकाचा दूरचा भाऊबंद, मात्र मोठेपणीही शेपटी न टाकणारा. तो पालीसारखा दिसतो म्हणून आमच्या सौभाग्यवती चार पावले मागे सरल्या. वस्तुतः त्याच्या अंगावर खवले नसतात. तो उभयचर आहे. ही जात आल्प्स पर्वताच्या नावाने ओळखली जाते. पोट नारिंगी, आणि विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर निळी झाक. टाकीत तळाशी वाळू, पाणवनस्पतींची दाटी, एका कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारे शेवाळलेले लाकूड. वर घट्ट जाळी, कारण ओली काच चढून हा प्राणी निसटतो. पाणी २० अंशांखाली राखायचे.

बेडकाप्रमाणे हा नर मादीस कवटाळीत नाही. तिच्यासमोर उभा राहून तो शेपटी थरथरवितो आणि पाण्यातून आपला गंध तिच्याकडे धाडतो. मग तळाशी ठेवलेली शुक्रपुडी ती स्वतः उचलून घेते. आमच्यासारख्या शिक्षकानेही संकोचाविना वर्णन करावा इतका हा सोहळा सभ्य आहे.

आमच्या हातून प्रमाद घडला तो यानंतर. पाणवनस्पतीची काही पाने दुमडलेली दिसली. घरच्या मिरचीवर पडणारा बोकड्या आमच्या परिचयाचा. तसाच हा रोग असावा असे समजून, मुलगा शाळेत असताना आम्ही तीसेक पाने कात्रीने छाटली व कचऱ्याच्या बादलीत टाकली. बागकामाचा अभिमान असा नडतो!

मुलगा आला, टाकीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मादी मागच्या पायांनी पान धरते, त्यात एकच अंडे घालते व पान दुमडते. अंड्याभोवतीच्या चिकट आवरणाने घडी टिकते. असे एकेक करून ती शेकड्यापेक्षाही अधिक अंडी घालते. हे त्याने आम्हांला नंतर सांगितले. तेव्हा मात्र अवाक्षर न काढता त्याने बादली वर्तमानपत्रावर ओतली. आम्हीही शेजारी बसलो. भाजीच्या सालींतून २३ पाने सापडली. वर्गात "विचारल्यावाचून हात लावू नका" असे सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला त्या नातवाची क्षमा मागावी लागली. तो मोडक्या मराठीत म्हणाला, "ठीक आहे. पण पुन्हा नको."

मोठे न्यूट स्वतःचीच अंडी खातात, म्हणून पाने वेगळ्या भांड्यात ठेवली. काही अंडी बुरशीने पांढरी पडली. अठराव्या दिवशी पहिले पिल्लू बाहेर आले. एकूण ९ निघाली. मानेशी पिसासारखे कल्ले. त्यांना जिवंत पाणपिसवा खाऊ घालायच्या. बेडकाच्या पिल्लास आधी मागचे पाय दिसतात, यास पुढचे. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पाहिले ते तेथे.

निघताना त्याने एक पिल्लू इंदूरला न्या म्हणून आग्रह धरला. आमच्या उन्हाळ्यात ते जगणार नाही, हे त्यास समजावले. आपल्याकडे दार्जिलिंगच्या पोखरींत हिमालयी न्यूट आहेत, पण त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, हेही सांगितले.

गणेशोत्सवाच्या सुमारास त्याचे पत्र आले. सहा पिल्ले कल्ले टाकून शेवाळावर आली आहेत. एकाचे नाव 'आजोबा' ठेवले आहे. तो न विचारता कोठेही तोंड घालतो, असे कारण दिले आहे.