सत्तेची रहस्यकथा आणि नंदुरबारचा सातबारा

७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोतील पत्रकार अ‍ॅना पोलित्कोवस्काया यांची त्या राहत असलेल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या झाडून हत्या झाली. चेचन्यातील युद्धात होत असलेले अत्याचार त्या वर्षानुवर्षे चव्हाट्यावर मांडत होत्या. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच रशियन गुप्तचर खात्याचे माजी अधिकारी अलेक्झांडर लित्विनेन्को यांचा लंडनमधील रुग्णालयात मृत्यू झाला. एका हॉटेलातील चहातून त्यांना पोलोनियम-२१० हे किरणोत्सर्गी विष देण्यात आले होते. ही हत्या रशियन गुप्तचर यंत्रणेच्या सूत्रसंचालनाखाली झाली आणि तिला बहुधा खुद्द अध्यक्ष पुतिन यांची संमती होती, असा निष्कर्ष सर रॉबर्ट ओवेन यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०१६ मध्ये काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या तुरुंगात मरण पावले. कादंबरीकाराने कल्पनेने रचावे ते सारे तिथे वास्तवातच घडते आहे. रशियातील सत्तेच्या गैरवापरावर थरारक राजकीय कादंबरी लिहू पाहणाऱ्याची अडचण असलीच तर ती सामग्रीच्या टंचाईची नव्हे, विपुलतेची आहे.

मराठी वाचकाला हा प्रांत अपरिचित नाही. झारच्या काळातील लाचखोर अधिकाऱ्यांची टर उडवणारे गोगोलचे ‘इन्स्पेक्टर जनरल’ पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ या नावाने मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा ते परके वाटले नाही. अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. अरुण साधू यांनी ‘तिसरी क्रांती’मध्ये लेनिनपासून गोर्बाचेव्हपर्यंतचा पट उलगडला. विशेष म्हणजे मराठीतील राजकीय कादंबरीचा मानदंड ठरलेल्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्याही साधूंच्याच. क्रेमलिन आणि मंत्रालय या दोन्ही सत्ताकेंद्रांचे एकाच लेखकाने इतके बारकाईने निरीक्षण करावे, हा योगायोग खचितच नव्हे.

या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला. विजय तेंडुलकरांची पटकथा, मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेतील अरुण सरनाईक, खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्या अर्थमंत्र्यांच्या भूमिकेतील डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीस आजही विस्मरणात गेलेला नाही. दिगूला सारे ठाऊक असते, पण त्या ठाऊक असण्याने काहीच बदलत नाही. ही शोकांतिका मराठी माणसाला इतकी पटली, की राजकारणावरची कथा म्हणजे मुंबईतील खुर्चीची कथा, हे समीकरणच त्यानंतर रूढ झाले. आमदारांची फोडाफोडी, रात्रीच्या बैठका आणि दिल्लीहून येणारा निरोप यांपलीकडे ती क्वचितच गेली. सत्ता जिथे राबवली जाते तो मुलूख मात्र बहुतेक वेळा पडद्याबाहेरच राहिला.

असा मुलूख पाहायचा तर नंदुरबारकडे वळावे लागेल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात शहाद्याचे तापीकाठचे सुपीक सपाट रान आहे आणि नर्मदेपर्यंत पसरलेले सातपुड्याचे डोंगरही आहेत. सपाटीवरील आदिवासींच्या जमिनी कर्जापायी आणि अंगठ्यांच्या जोरावर हातच्या गेल्या. कालचे मालक बड्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून राबू लागले. पिकांच्या राखणीच्या नावाखाली खासगी रखवालदारांची फळी उभी राहिली. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्य लुटल्याच्या आरोपावरून आदिवासींवर गोळीबार झाला. त्या प्रकरणातून अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व पुढे आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने १९७४ मध्ये केला, त्यामागे अशाच संघर्षांची पार्श्वभूमी होती.

डोंगरातील कथा याहून गुंतागुंतीची आहे. सरदार सरोवर प्रकल्पाच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे आली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने बुडितापूर्वी पुनर्वसनाची अट घातली होती. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन आणि सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, अशी तरतूदही केली होती. कागदावर हा निवाडा उदारच म्हटला पाहिजे. पण ‘खातेदार’ या एका शब्दाने त्या उदारतेला कुंपण घातले. येथील बरीच गावे वनगावे होती आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीची महसुली दप्तरात नोंद नव्हती. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस सरकारच्या लेखी अतिक्रमणदार ठरतो. तो बुडणार हे सर्वांना दिसत असते, पण तो ‘घोषित प्रकल्पग्रस्त’ नसतो.

पुनर्वसनासाठी १९९० मध्ये तळोद्याची सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा पेच आणखी वाढला. त्या जमिनीवर आधीपासून दुसरे गरीब आदिवासी नांगर धरून होते. एका विस्थापिताला जागा देण्यासाठी दुसरा उठवायचा, अशी ही रचना होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये बुडितासाठी सर्वेक्षण करण्यास पोलीस बंदोबस्तात पथके आली आणि चिंचखेडी येथे झालेल्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन मुलगा ठार झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतील घरांत पाणी शिरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. त्यानंतर २००१ मध्ये राज्य शासनानेच न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पुनर्वसनाची तपासणी करवून घेतली. धरणाने १३८.६८ मीटरची पूर्ण उंची गाठल्यावर १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले.

एवढे नाट्य असूनही या मुलखाने मराठी राजकीय कादंबरीला आपल्याकडे का ओढून घेतले नाही? याचे कारण रहस्यकथेच्या साच्यात आहे. या साच्याला दडवलेला गुन्हा लागतो, एक सूत्रधार लागतो आणि शेवटी त्याच्या चेहऱ्यावरचा मुखवटा उतरावा लागतो. नंदुरबारात दडवलेले फारसे काही नाही. निवाडा छापील आहे, परिपत्रके उपलब्ध आहेत, गोळीबार दिवसाढवळ्या झाला. सूत्रधारही सापडत नाही. तलाठ्याने नोंद केली नाही, कारण वरून आदेश नव्हता. वरच्यांनी आदेश दिला नाही, कारण खालून प्रस्ताव आला नाही. प्रत्येकाने आपले काम नियमानुसारच केलेले असते आणि तरीही गाव बुडते.

मात्र रशियाची कथा याहून मुळातच भिन्न आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. विषप्रयोगाच्या बातम्या डोळे दिपवतात, पण तेथील सत्तेची खरी रीत कळते ती सर्गेई मॅग्निट्स्की प्रकरणातून. २००७ मध्ये पोलिसांनी एका गुंतवणूक संस्थेशी संबंधित कंपन्यांचे शिक्के आणि कागदपत्रे धाड टाकून नेली. त्यानंतर त्या कंपन्या परस्पर दुसऱ्यांच्या नावे झाल्या आणि त्यांच्या नावाने ५४० कोटी रुबलचा करपरतावा मागून तो एका दिवसात मंजूरही झाला. हे उघड करणारे करसल्लागार मॅग्निट्स्की यांनाच अटक झाली आणि १६ नोव्हेंबर २००९ रोजी ते कोठडीत मरण पावले. पुढे २०१३ मध्ये न्यायालयाने या मृत माणसाला दोषी ठरवले. या साऱ्याच्या मुळाशी होते शिक्का, नोंदवही आणि सही. मृत्यू हा या कथेचा शेवट होता. आरंभ दप्तरात झाला होता.

दोन्ही देशांची सरसकट बरोबरी करणे अर्थातच अन्यायाचे होईल. येथे संघटना उभ्या राहिल्या, न्यायालयात वर्षानुवर्षे युक्तिवाद झाले, शासनाला स्वतःच समिती नेमावी लागली आणि २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. लिहिणाऱ्यालाही येथे चटका बसतो, पण त्याचे प्रमाण वेगळे असते. नर्मदेच्याच संदर्भात न्यायालयाच्या अवमानाबद्दल अरुंधती रॉय यांना २००२ मध्ये एक दिवसाची कैद आणि दंड झाला. पोलित्कोवस्काया यांच्या वाट्याला काय आले, हे वर आलेच आहे. हा फरक मोलाचा आहे. म्हणूनच आपल्याकडील लेखकाला भीतीची सबब फारशी पुढे करता येत नाही.

मग उरतो तो कारागिरीचा आणि कष्टाचा प्रश्न. नंदुरबारची राजकीय कादंबरी लिहायची तर लेखकाला भिलोरी आणि पावरी बोली कानावर घ्याव्या लागतील. त्याचबरोबर फेरफाराची नोंद, पंचनामा आणि बुडिताच्या याद्याही वाचाव्या लागतील. थरार पाठलागातून नव्हे, तर यादीत नाव लागते की नाही यातून निर्माण करावा लागेल. पावसाळा तोंडावर आहे, पाणी चढते आहे आणि कुणाचे तरी नाव अजून तपासणीच्या टेबलावर आहे. काळाशी याहून जीवघेणी शर्यत कोणत्या रहस्यकथेत असते?

२९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी याच जिल्ह्यातील टेंभली या गावी आले होते. देशातील पहिला आधार क्रमांक तेथे एका गावकरी महिलेला देण्यात आला. ज्या जिल्ह्यात सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून माणसे प्रकल्पग्रस्तांच्या यादीबाहेर राहिली, त्याच जिल्ह्यातून प्रत्येक भारतीयाला ओळख देण्याची मोहीम सुरू झाली. एवढा विरोधाभास कल्पनेने रचला असता तर तो कुणी ओढूनताणून आणलेला ठरवला असता. मॉस्कोवरची कादंबरी मराठी वाचकाने जरूर वाचावी. पण नोंदीच्या एका रकान्यात माणसाचे भवितव्य कसे ठरते, याची कथा सातपुड्याच्या पायथ्याशी अजून लेखकाची वाट पाहत आहे.