तारीख चुकलेली जखम

दर आठवड्याला या पानावर मी शब्दांच्या, पुस्तकांच्या आणि आमच्या कॉलेजातल्या स्टाफरूमच्या गोष्टी सांगतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळीचा अंक म्हणून संपादकांनी थोडी जास्त जागा दिली आहे, तेव्हा यंदा गोष्टही जरा लांबची सांगतो. तशी ती शेजारचीच आहे; आमच्या खालच्या मजल्यावरची.

मी राहतो खराडीला. नगर रस्त्यावरचे हे जुने गाव. बाजूने मुळा-मुठा वाहते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या रानात एके काळी ज्वारी डोलत असे म्हणतात. मी बिऱ्हाड केले तेव्हा ज्वारी गेली होती आणि काचेच्या इमारती आल्या होत्या. रात्री दोन वाजताही इथे चहाची टपरी उघडी असते, कारण त्या वेळी अमेरिकेत ऑफिसे चालू असतात. अशा या गावात पहाटे पाच वाजता उठून पितळी बक्कल चमकवणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे आमचे हवालदारकाका. पंचाहत्तरी उलटली आहे. बक्कल कशाला चमकवायचे, तर पट्टा आहे म्हणून.

गेल्या पाडव्याच्या सुमारास काका वर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मास्तर, एक अर्ज लिहून पाहिजे." मी प्राध्यापक आहे हे त्यांना पटत नाही, मराठी शिकवतो म्हणजे मास्तरच.

"काका, फौजेचा अर्ज इंग्रजीत लागेल. मी मराठीचा."

"शब्दाचाच घोटाळा हाय. शब्दवाल्याकडंच आलो."

आणि खरेच घोटाळा शब्दाचा होता. शब्दाचा आणि एका तारखेचा.

काकांच्या उजव्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा आहे. १९७१ च्या युद्धात, पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या बाजूला तो शिरला. काका तेव्हा एकवीस वर्षांचे. "उसाचा फड होता मास्तर, आपल्या सातारकडच्यासारखा. म्हटलं, गावाकडंच आलो." त्या उसात १३ डिसेंबरला गोळा पडला. युद्ध सुरू झाले ३ डिसेंबरला. १६ ला ढाक्यात शरणागती झाली. पश्चिमेकडे तोफा थांबल्या १७ तारखेच्या रात्री आठ वाजता. काकांना आधी आघाडीच्या मलमपट्टी केंद्रात, मग एका हॉस्पिटलात, मग आगगाडीने मागच्या मोठ्या हॉस्पिटलात नेले. तिथे ते पोचले २० तारखेला. तिथल्या कारकुनाने नोंद केली: २० डिसेंबर, उजव्या खांद्यास इंज्युरी. पुढच्या साऱ्या कागदांनी हीच नोंद इमानाने उतरवून घेतली.

म्हणजे सरकारदप्तरी काकांना खांद्याला लागले ते युद्ध थांबल्यावर तीन दिवसांनी. कोणी मारले, कशाने मारले, याचा पत्ता नाही. "शत्रू घरी गेल्यावर मला लागलं म्हणतात," काका म्हणाले. "मग काय आमच्याच लंगरातली कढई पडली का खांद्यावर?"

आता फौजेत एक पदक आहे. १९७३ मध्ये ते निघाले तेव्हा त्याचे नाव होते वुंड मेडल. आता त्याला पराक्रम पदक म्हणतात. १५ ऑगस्ट १९४७ नंतर शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत ज्याला जखम झाली, त्याला ते मिळते. पांढरी फीत, मधोमध तांबडा पट्टा. पट्टीवर रक्त उतरावे तशी. इंग्रजी नाव साधे, जखमेचे पदक. आपल्याकडे मात्र जखमेचा पराक्रम झाला. भाषांतर करणाऱ्याचे मन मोठे असावे. काकांना ते नाव मुळीच पसंत नाही. "पराक्रम कसला? चहाचा मग घेऊन बसलो होतो."

पण पदक मिळण्याचे दार एका शब्दावर फिरते. फौजेच्या हिशेबात लढाईत लागलेला माणूस बॅटल कॅज्युअल्टी. जीप उलटून, जिन्यावरून पडून, खेळताना लागलेला तो फिजिकल कॅज्युअल्टी. पहिल्याला पदक, आणि अपंगत्व आले तर युद्धजखमेचे वेगळे, जास्त निवृत्तिवेतन. दुसऱ्याला साधी इजा. आपण मराठीत जखम, इजा, दुखापत, घाव हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. त्यातली जखम फारसीतून आली, इजा अरबीतून. दोघी इथे सख्ख्या बहिणींसारख्या नांदतात. फौजेच्या दप्तरात मात्र वुंड आणि इंज्युरी यांच्यामध्ये भिंत आहे. वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो की समानार्थी शब्द पूर्णपणे समानार्थी कधीच नसतात. त्याचा असा पुरावा खालच्या मजल्यावर निघेल, हे स्वप्नातही नव्हते.

मी विचारले, "काका, इतकी वर्षे काय केलेत?"

"नोकरी केली. मग पेन्शन. मग पोरांची लग्नं. आता नातू विचारतो, आजोबा, तुम्हाला लढाईत लागलं तर मेडल कुठाय?" नातू त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरी करतो. त्याने पराक्रम पदकाची माहिती शोधून काढली होती. पैशांचा प्रश्न नव्हता. काका पुरी नोकरी करून निवृत्त झाले, खांदा थंडीत दुखतो इतकेच. पण नातवापुढे खोटे पडल्यासारखे झाले, ते त्यांना लागले. इथे कुठला शब्द वापरावा, वाचकांनीच ठरवावे.

मोठा पराक्रम करणाऱ्याची जखम मानपत्रातच लिहिली जाते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे यांचे उदाहरण घ्या. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग नि अडथळे काढताना तोफगोळे पडले, दोघे मेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत खुद्द राणे होते. तरी ते कामावरून हलले नाहीत. परमवीर चक्र मिळाले, आणि ती जखम कायमची कागदावर आली. राणे पुढे पुण्यातच राहिले, १९९४ मध्ये इथेच वारले. चहाचा मग घेऊन बसलेल्या शिपायाची जखम मात्र त्या दिवशीच्या कारकुनाच्या हवाली असते.

दुसरे उदाहरण सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचे. हा ईएमईमधला जवान, मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली ती राहिलीच, आणि पाय गेले. पोहायला शिकला, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक विश्वविक्रमासह घेऊन आला. अपंगांच्या या खेळांतले भारताचे ते पहिले सुवर्ण. तरीही अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज १९८२ मध्ये नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, चित्रपट निघाला २०२४ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार जीवनगौरव म्हणून आला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सरकारी काम अन् सहा महिने थांब ही म्हण ज्याने केली तो आशावादी गृहस्थ होता.

मी हे काकांना धीर देण्यासाठी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे अजून पाच वर्षं हायेत माझी."

पहिला अर्ज आम्ही एप्रिलमध्ये पाठवला. सोबत एक्स-रे जोडला. खांद्याच्या हाडामागे तुकडा स्वच्छ दिसतो, मुगाच्या दाण्याएवढा. काकांना वाटले, काम झाले. सर्व्हिस बुक खोटे बोलेल, हाड कसे बोलेल? उत्तर आले की एक्स-रेवरून धातू आहे हे कळते, तो कधी आला ते कळत नाही. त्या काळचा लेखी पुरावा द्यावा. रागावण्यासारखे काही नव्हते. कोणाच्याही अंगातल्या लोखंडावर विश्वास ठेवून सरकारने पदके वाटावीत असे मीही म्हणणार नाही. पण हॉस्पिटलाची कागदपत्रे मुदत संपली म्हणून नष्ट झालेली. पलटणीच्या युद्धदैनंदिनीत जखमींचा आकडा असेल, पण नाव असेल का?

अशी वेळ अमेरिकेतल्या लाखो शिपायांवर आली. तिकडे जखमी सैनिकाला पर्पल हार्ट नावाचे पदक देतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई इथल्या सैनिकी दप्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. त्यानंतर तिकडचे म्हातारे शिपाई ट्रंका उपसू लागले: जुनी पत्रे, फोटो, सोबत्यांच्या साक्षी. ज्या वर्षी आपल्याकडे जखमेचे पदक निघाले, त्याच वर्षी तिकडे जखमांचे पुरावे जळाले. असो.

मी काकांना म्हटले, "तुम्हीही ट्रंक उपसा." नातवाचे म्हणणे वेगळे होते. २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण चालू आहे, मुंबईला त्याचे खंडपीठ आहे, तिथे दावा लावावा. काकांनी त्याला एका वाक्यात गप्प केले. "पलटणीवर फिर्याद? आईवर करशील का?"

आणि ट्रंकेतून आईच निघाली. म्हणजे आईच्या लुगड्याच्या घडीत एक अंतर्देशीय पत्र निघाले. हॉस्पिटलातून लिहिलेले, वर फील्ड पोस्टाचा शिक्का, आत तारीख १५ डिसेंबर १९७१. युद्ध थांबण्याच्या दोन दिवस आधीची! मी अक्षरशः उडालो. म्हटले, काका, जिंकलात.

काका काही बोलले नाहीत. पत्र माझ्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी वाचले. चार ओळी होत्या. मी खुशाल आहे. पाय घसरून पडलो, खांद्याला किरकोळ लागले आहे. इकडे लढाई नाही. काळजी करू नये.

अक्षरही काकांचे नव्हते. उजवा हात बांधलेला, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या कुणा मराठी जवानाने लिहून दिलेले. चोपन्न वर्षांनी सापडलेला एकुलता एक लेखी पुरावा, आणि त्यात स्वतः अर्जदार सांगतो की मी पाय घसरून पडलो!

"बाप आधीच गेलेला," काका पाठमोरेच म्हणाले. "तिला काय लिवू, गोळा लागला म्हणून?"

मग आमचा वाद झाला. मी म्हणालो, पत्र जोडायचेच. तारीख आपल्या बाजूची आहे. काका म्हणाले, आतला मजकूर विरुद्ध आहे, आणि आईला लिहिलेले खोटे साहेबांच्या टेबलावर कसे ठेवू? दोन दिवस ते वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूच आल्या. "भाऊजी, जोडा तुम्ही. आमच्या सासूबाईंना सगळं माहीत होतं. पलटणीतला एकजण सुट्टीवर आला होता, त्यानं सांगितलं होतं. ह्यांना वाईट वाटेल म्हणून त्या मरेपर्यंत बोलल्या नाहीत." हे काकांना तेव्हाच, माझ्यासमोर, दारात उभे असताना कळले.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी असा केला होता: सदर पत्रात अर्जदाराने मातेस चिंता वाटू नये या हेतूने वस्तुस्थिती नमूद केलेली नाही. मी वाक्य काकांना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले.

"म्हणजे खोटं लिवलं असंच ना?"

"हो, पण जरा सौम्य..."

"खोटं लिवलं असं लिवा. फौजेला समजंल असं."

मी तसे केले. तेव्हा सोबत असलेल्या, आता कराडकडे राहणाऱ्या एका सोबत्याची साक्षही मिळाली. सारे बाड स्पीड पोस्टाने गेले. भाद्रपदात उत्तर आले: पत्राची प्रत मिळाली, टपालाच्या शिक्क्यावरील तारीख अवाच्य आहे, स्पष्ट प्रत पाठवावी. नकार नव्हता. मी ते तीनदा वाचून खात्री करून घेतली.

काल संध्याकाळी आम्ही दोघे चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने काचेवर पत्र ठेवले, शाई गडद करत एक प्रत काढली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीत शिक्क्यातला १६ हा आकडा उमटला. पण घडीवर सगळीकडे काळे डाग आले होते. मुलगा म्हणाला, "आजोबा, पेपर खूप वेळा उघडलेला दिसतोय, घडीवर पार विरलाय. डाग जाणार नाहीत."

"राहू दे," काका म्हणाले. "त्याच्याच दोन काढ."