आधी मोजा, मग पाना उचला

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, पडद्यावर 'ऑक्सिजन सेन्सर' अशी अक्षरे उमटली, की सेन्सर बदलायचा आणि पावती फाडायची, अशी रीत आता रूढ होऊ लागली आहे. जालना जिल्ह्यात बागेतली मोसंबी मोंढ्यावर आणणाऱ्या, पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांच्या मालकांना ती चांगली परिचयाची असेल. (डिझेल पिकअपची रचना निराळी असते, तिचा विचार येथे केलेला नाही.) माझ्या मते ही रीत अशास्त्रीय आहे. हा सेन्सर मालकाने खुशाल स्वतः बदलावा. पण तो खरोखर बिघडला आहे, हे आधी मोजून पाहावे. त्यासाठी लागणारी विद्या बारावीच्या रसायनशास्त्रात आहेच.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत आट्यांनी बसवलेला, बोटाएवढा विद्युत घट होय. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळून भाजलेली, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक टोपी आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. टोपीच्या आत मोकळी हवा असते, बाहेरून इंजिनाचा धूर वाहतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की या टोपीतून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावत विभवांतराच्या रूपाने प्रकट होते. वॉल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास याच जातीच्या ऑक्साइडांची कांडी तापवून विजेचा दिवा तयार केला होता. त्याचेच समीकरण या घटाला लागू पडते. मोटारीत असा सेन्सर प्रथम १९७६ साली आला, बॉश कंपनीचा, व्होल्वोच्या गाड्यांत. शिसे हे त्याच्या प्लॅटिनमला विषासारखे. त्यामुळे आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ साली आणि देशभर २००० साली येईपर्यंत त्याला फारसा वाव नव्हता.

६०० अंशांवर गणित करून पाहा. धुरातील ऑक्सिजनचा दाब दसपट घटला, की विभवांतर सुमारे ०.०४३ व्होल्टने वाढते. धुरात १ टक्का ऑक्सिजन उरला असेल, तर हवेतील ऑक्सिजन त्याच्या २१ पट, म्हणून विभवांतर अवघे ०.०५७ व्होल्ट. इंधन किंचित जास्त झाले, की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. त्याचा दाब वातावरणाच्या १० चा ऋण २० वा घात इतका नगण्य झाला, तर विभवांतर ०.८४ व्होल्टपर्यंत उडी मारते. ही उडी पाहून गाडीचा संगणक इंधन कमी-जास्त करतो. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे १७ किलो. सेन्सरला हे आकडे ठाऊक नसतात. त्याला कळतो तो फक्त उरलेला ऑक्सिजन. म्हणूनच एकच सेन्सर दोन्ही इंधनांना चालतो.

आता मुख्य मुद्दा. सेन्सर हा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. आमच्या शेजारच्या एका गाडीचा सेन्सर दोनदा बदलला गेला, तरी दिवा विझेना. दोष सेन्सरच्या अलीकडे, नळीच्या जोडावरील फाटलेल्या पॅकिंगमध्ये होता. धुराच्या प्रत्येक झोतामागे तिथून थोडी बाहेरची हवा आत ओढली जाई. सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता, की ऑक्सिजन जास्त आहे. संगणक मग इंधन वाढवी, पेट्रोल उगाच जळे, आणि दंड मात्र साक्षीदाराला.

मोजणी अवघड नाही. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाबरोबरच करावे. चार तारांच्या सेन्सरमध्ये दोन तारा हीटरच्या, एक संकेताची आणि एक संकेताच्या अर्थिंगची असते. संकेताच्या तारेवर डिजिटल मीटरच लावावा, तोही व्होल्टवर. काट्याचा जुना मीटर घटातून जास्त प्रवाह ओढतो आणि वाचन फसते. इंजिन तापल्यावर पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली व्हायला हवा. तो खालीच अडकला असेल, तर ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडावा. आकडा वर जाऊन खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे, गळती शोधा. (पाच-सहा तारांच्या सेन्सरला ही कसोटी लागू नाही.) हीटरचा रोध मात्र इंजिन बंद व प्लग काढलेला असताना मोजावा. तो काही ओहम असतो. अनंत दाखवला, तर हीटरची तार तुटली आहे.

दोष सिद्ध झाला, तर बॅटरीची ऋण तार काढून, नळी हात लावण्याइतकी निवल्यावर, आट्यांवर गंज सुटण्याचे तेल सोडावे. पाना बहुधा २२ मिलिमीटरचा लागतो. नवा सेन्सर सुमारे ४५ न्यूटन-मीटर बलाघूर्णाने आवळतात, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १८ किलोग्रॅमभाराचा जोर. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. टोकाला ग्रीस किंवा सिलिकोन लागू देऊ नये. रोध-धारित्र जोडून संगणकाला फसवण्याची आणि दिवा विझवण्याची युक्तीही काही जण विकतात; थर्मामीटर पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणण्यापैकीच ती आहे.

पोलादाच्या वितळलेल्या रसात ऑक्सिजन मोजण्याची जी कांडी बुडवतात, तिच्यातही हाच झिर्कोनिया असतो. सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यातील शाळांनी तर या घटाशी मुलांची गाठ घालून द्यायलाच हवी. शिक्षकांनी गॅरेजमधून टाकून दिलेले सेन्सर मागून आणावेत, ते चिमट्यात धरून केवळ टोक बन्सन ज्योतीच्या निळ्या आतल्या भागात तापवावे आणि संकेताच्या दोन तारांना मीटर लावावा. ज्यांचा आकडा ०.६ व्होल्टच्या वर चढेल आणि ज्योतीतून काढताच उतरेल, ते वेगळे काढावेत. टाकलेल्यांपैकी किती जिवंत निघाले, याची नोंद मुलांनी फळ्यावर करावी आणि ती त्या गॅरेजवाल्यांनाही नेऊन दाखवावी.