निरोष्ठ रामायण आणि एक फुटबॉल संघ

मंठ्यातील आमचा एक विद्यार्थी ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळात बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब चालवतो. बास्क प्रदेशात जन्मलेले वा घडलेलेच खेळाडू घ्यायचे, हे बंधन त्या स्पॅनिश क्लबने १९१२च्या सुमारास स्वीकारले. २०२४ साली चाळीस वर्षांनी ‘कोपा देल रे’ जिंकला, तोही ते पाळूनच. विद्यार्थ्याने आणखी दोन अटी घातल्या : खेळाडू विकत घ्यायचा नाही, हरलेला सामना पुन्हा खेळायचा नाही.

आम्हांस मोरोपंत आठवले. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून त्यांनी रचलेले निरोष्ठ रामायण आम्ही वर्षानुवर्षे ‘शब्दांची कसरत’ म्हणून दोन मिनिटांत उरकत आलो. वस्तुतः तेथे ‘राम’ हे नावच लिहिता येत नाही. नायकापर्यंत आडवाटेनेच पोहोचावे लागते. वृत्त हेही बंधनच, त्याला मात्र कसरत म्हणायला आमची जीभ रेटत नाही!

फरक आहे. मोरोपंत चुकते, तर वाचकाला ‘प’ दिसला असता. विद्यार्थ्याची अट संगणकालाही ठाऊक नाही. परवा सलग पराभवांनंतर क्लबने त्याला पदावरून काढले. जतन केलेला जुना डाव उघडणे सहज शक्य होते. त्याने उघडला नाही.

यंदा निरोष्ठ रामायणासाठी आम्ही एक पूर्ण तासिका ठेवली आहे.