गळके इरले



आमच्या चौथीतल्या एका मुलाने खोपोलीच्या बाजारातला उसाचा रस बाटलीत भरून दप्तरात ठेवला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी वर्गात झाकण उघडले, तर फस्सकन फेस! "बाई, चुलीवर न ठेवताच रस उतू गेला!"

ही करामत यीस्टची. हे इवलेसे जीव साखर खातात, कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात (तोच फेस!) आणि अल्कोहोल तयार करतात. साखर कारखान्यांच्या आसवणीत मळीपासून असेच इथेनॉल बनवतात. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे सुरुवातीचे प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाडला झाले. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले.

पण गंमत पुढेच आहे. टाकीत शंभर भागांत आठ-दहा भाग अल्कोहोल झाले, की यीस्ट सुस्तावते. साखर समोर असूनही!

असे का? प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. लावणीच्या वेळी आपण डोक्यावर इरले घेतो ना, तसे. अल्कोहोल या पटलात घुसते आणि ते सैल करते. मग आतले उपयोगी क्षार बाहेर झिरपतात, बाहेरचे आम्ल आत शिरते. ते बाहेर काढता काढताच पेशीची शक्ती संपते. इरले गळायला लागले, की लावणी कसली होतेय!

ब्यूटेनॉल नावाचे इंधन बनवणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू तर शंभरात दीड-दोन भागांतच हात टेकतात. कारण ब्यूटेनॉल स्निग्ध पटलात जास्त सहज शिरते. उलट ताडीत सापडणारा झायमोमोनास हा जिवाणू चिवट. त्याच्या पटलात हॉपनॉइड नावाचे पदार्थ असतात, ते पटल घट्ट धरून ठेवतात.

टाकीत बहुतेक पाणीच उरत असल्याने इथेनॉल वेगळे काढायला खूप उष्णता खर्च होते. म्हणून शास्त्रज्ञ अशा चिवट जिवांच्या शोधात असतात.

"पण बाई, त्रास होतो तर ते थांबत का नाहीत?" त्या मुलाने विचारले.

थांबणार कसे? हवा नसताना जगायची त्यांची वाट तीच. आणि टाकीतून बाहेर पडायला दारही नाही.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्या पाताळगंगेतल्या माशांनाही दार नाही, बाई."

यावर मी काय बोलणार? तुम्हीच विचार करा आणि घरी आई-बाबांशी बोला.

तुमच्या,
बाई