आधी शॉकअप, मग स्प्रिंग

स्पोर्टी छोट्या गाडीच्या सस्पेन्शनवर मोजके पैसे घालायचे असतील, तर ते कोणत्या क्रमाने घालावेत हे गाडीइतकेच रस्त्यावर अवलंबून असते. जुन्नर-आंबेगावात एकाच गाडीला तीन तऱ्हेचे रस्ते भेटतात: पुणे-नाशिक महामार्गाचा वेगवान पट्टा, विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या नेणारे, जागोजागी दबलेले रस्ते, आणि माळशेज किंवा भीमाशंकरकडची वळणे. मारुतीची स्विफ्ट आणि याच महामार्गावर चाकणला २००९ पासून २०२२ पर्यंत बनलेली फोक्सवॅगन पोलो या दोन्ही गाड्यांची रचना सारखी आहे. पुढची चाके मॅकफर्सन स्ट्रटवर, मागची टॉर्शन बीमवर. खालचे विवेचन अशा गाड्यांना धरून आहे.

प्रचलित मत असे: आधी आखूड, कडक स्प्रिंग बसवून गाडी ‘लो’ करावी, मग मोठी अलॉय चाके घालावीत, आणि पुढे जमल्यास कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, संच घ्यावा. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी कलते आणि रस्त्याला धरून चालते, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. पण त्यातून हाती येते किती आणि त्यासाठी जाते किती, हे मोजले जात नाही.

मोजून पाहू. गाडीचे वजन १००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५३० मिलिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.५ मीटर धरले, तर ०.७ जी इतक्या जोराच्या वळणावर आतल्या चाकांवरचा सुमारे २४७ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी ३० मिलिमीटर खाली केली की हा आकडा २३३ वर येतो. फायदा १४ किलोंचा, आणि तोही चालक टायरच्या मर्यादेजवळ पोहोचला तरच. शिवाय मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आल्यावर लोअर आर्मचे आतले टोक खाली जाते आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोहोंमधले अंतर वाढते. म्हणजे कल कमी करायला निघालेला माणूस कल वाढवणारी तरफ लांब करतो, आणि मग ती आवरायला स्प्रिंग आणखी कडक लागते.

दुसरीकडे, चाकाला वर जायला मुळात ८० मिलिमीटर जागा असेल तर आता ५० उरते. खड्ड्याचा तोच धक्का ८० ऐवजी ५० मिलिमीटरमध्ये पचवायचा तर स्प्रिंग सुमारे अडीच पट कडक हवी, कारण साठणारी ऊर्जा स्प्रिंग जितकी दबते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग इतक्या कडक नसतात, आणि असत्या तर गाडीत बसवले नसते. उरलेला धक्का बंप स्टॉपच्या रबरावर आणि तिथून स्ट्रटच्या माउंटवर जातो. वळणाच्या मध्यावर हे घडले की त्या चाकाची स्प्रिंग एकाएकी दगडासारखी होते आणि टायर पकड सोडतो.

स्पीडब्रेकरचे गणित याहून बोलके आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.४५ मीटर अंतर असलेली गाडी अशा कमानीवर असताना पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटर कमी होते. खाली केलेली गाडीही त्यावरून सुखरूप जाते. पण वाड्या-वस्त्यांच्या तोंडाशी डांबराचा आखूड उंचवटा असतो. तो दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाखालून वजा होते. रिकाम्या गाडीची सुमारे १६५ मिलिमीटरची मोकळी जागा १३५ वर आणली आणि त्यात चार माणसे बसली, तर १२ सेंटिमीटरचा उंचवटाही इंजिनाखालच्या चेंबरला घासेल. या तालुक्यांत तीन सेंटिमीटर उंची ही रोज लागणारी वस्तू आहे; ती १४ किलोंसाठी विकू नये.

स्प्रिंग कापून घेण्याचा स्वस्त मार्ग तर पूर्णपणे त्याज्य आहे. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळले की ती सैल होऊन जागा सोडू शकते. गॅसने कापली असेल तर पोलादाचे पाणीही उतरते.

‘कडक म्हणजे स्पोर्टी’ हे मतही तपासून घ्यावे. टायरची पकड त्यावरचा भार किती स्थिर राहतो यावर ठरते. खडबडीत डांबरावर कडक स्प्रिंगचे चाक उसळते, क्षणभर हलके होते, आणि त्या क्षणी वळणही नाही, ब्रेकही नाही. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९६२ च्या इलान या गाडीला मऊ स्प्रिंग आणि चाकाला भरपूर प्रवास दिला, आणि वळणावर चांगली चालणारी गाडी म्हणून ती आजही नावाजली जाते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या सपाट ट्रॅकवर कडक, खाली आणलेली गाडी योग्यच. तिथे स्पीडब्रेकर नाहीत.

स्वस्त कॉइलओव्हरबद्दलही सावध असावे. त्यांतला पैसा उंची बदलणाऱ्या आट्यांवर जातो, आत तेल दाबणाऱ्या व्हॉल्व्हवर कमी. एकच नॉब स्प्रिंग दबतानाचा आणि उसळतानाचा, दोन्ही विरोध एकदम बदलतो. माळशेजच्या पावसात आणि चिखलात त्या आट्या गंजून अडकतात, तेव्हा मुख्य सोयही संपते.

मग पैसा कुठे घालावा? पहिला टायरवर. १८५/६० च्या टायरची बाजूची भिंत १११ मिलिमीटर असते. १७ इंची चाकावर २०५/४५ घातला की ती ९२ वर येते आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे चाकाचा मूळ आकार राखून चांगल्या प्रतीचा टायर घ्यावा. त्याच वेळी लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे माउंट पाहून घ्यावेत. जुन्या गाडीतला सैलपणा अनेकदा फाटलेल्या बुशचा असतो, आणि तो ठीक केला तर नवी खरेदी लांबते.

खरी सुधारणा शॉकअपमध्ये आहे. स्प्रिंग ऊर्जा साठवते. शॉकअप तिची उष्णता करून विल्हेवाट लावतो. मूळ उंचीच्या स्प्रिंगवर थोडा घट्ट, गॅस भरलेला शॉकअप बसवला की चाकाचा प्रवास तसाच राहतो आणि गाडीचे डोलणे आवरते. वळणात शिरताना कल किती होतो यापेक्षा तो किती झटकन होतो हे चालकाला अधिक जाणवते, आणि तो वेग शॉकअपच ठरवतो. गॅसच्या दाबामुळे सलग खराब रस्त्यावर तापलेल्या तेलाला फेस येत नाही, म्हणून डिंभ्याहून भीमाशंकरपर्यंत विरोध टिकून राहतो. बिल्स्टाइनचा बी-६ मूळ उंचीसाठी आणि बी-८ खाली केलेल्या गाडीसाठी, असा फरक उत्पादकच करतो. मागवताना तो पाहावा. आयात भाग परवडत नसेल तर मूळ प्रतीचे नवे शॉकअपसुद्धा थकलेल्या जोडीपुढे मोठी सुधारणा ठरतात. गॅब्रिएल इंडियासारखा, १९६१ पासून हेच काम करणारा उत्पादक याच महामार्गावर खेड तालुक्यात कुरुळीला आहे. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत.

मागचा अँटी-रोल बार त्यानंतर. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर नाकाने बाहेर जाते, ते मागचा बार कमी करतो. पण बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: २० चा २२ मिलिमीटर केला की ४६ टक्के वाढ. ओल्या घाटात वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर अशा गाडीची मागची बाजू बाहेर येते, म्हणून इथे बारीक बारच बरा.

कायद्याची बाजूही याच क्रमाला अनुकूल आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणारा फेरफार रोखते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. मूळ मापाचा शॉकअप हा बदललेला सुटा भाग असतो. कापलेल्या स्प्रिंगबद्दल तसे म्हणता येत नाही.

बसवताना एक गोष्ट गॅरेजमध्ये उभे राहून पाहावी. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त अडकवावेत आणि चारही चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळावेत. लोंबकळत्या चाकावर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. अलाइनमेंट त्यानंतर, आणि काही दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा.